सापडलेले दोन शब्द

शिवमूर्ती मास्तरांनी पत्रातल्या एका शब्दाखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली.

"बघ इमामबी! इंडोनेशियात समुद्राला 'समुदेरा' म्हणतात. आपलाच शब्द. हजारेक वर्षांपूर्वी जहाजात बसून गेलेला."

"माझा शमशुद्दीन दोन वर्सामागं गेलता," सोप्यात त्यांची वाकळ शिवत बसलेली इमामबी म्हणाली. "त्येचं काय लिवलंय?"

जहाजावर खलाशी म्हणून गेलेल्या मुलाची आठ महिने खबर नव्हती. आणि परवा हे आलं. अक्षरं इंग्रजी, भाषा भलतीच. पोस्टमननं मान हलवली, पेठेतल्या वकिलानं हात टेकले. मास्तरांनी मात्र पत्र आनंदानं घेतलं. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्यांना कुणी संस्कृतमधलं काही विचारलं नव्हतं.

"नाव त्याचंच आहे. पुढं समुदेरा. आणि हे बघ, 'दिकेबुमिकान'. ह्याच्या पोटात कोण बसलंय? बुमी. म्हणजे भूमी!" दुसरी रेघ पडली. "आधी समुद्र, मग भूमी. पोरगं किनाऱ्याला लागलं की गं!"

इमामबीची सुई थांबली.

"व्हय? खरं सांगताय न्हवं मास्तर?"

"संस्कृत खोटं बोलत नाही."

ती हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आता सगळं वाचा की. कळंना का. पोराच्या तिकडचं जरा कानावर पडू दे."

मास्तर वर्गात श्लोक म्हणावा तसे खणखणीत वाचू लागले. समुदेरापर्यंत आवाज चढत गेला. पुढच्या शब्दावर अडखळला.

"जे... जेनाझाह. हा काही आपला नव्हे. सोडून देऊ."

"आमचा हाय त्यो. जनाजा," इमामबी म्हणाली.

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. बाहेर फुटबॉल खेळणाऱ्या तालमीच्या पोरांनी गोल केला असावा. गल्लीभर आरडाओरडा झाला.

"त्येच्या म्होरं कंचा शब्द हाय?"

मास्तरांनी पत्रात पाहिलं. लाल रेघ त्यांचीच होती.

"भूमी," ते हळू म्हणाले.

"म्हंजे माती मिळाली."

मग तिनं सुई उचलली. दोरा निसटला होता; दोनदा ओवून बघितला, जाईना. मास्तरांनी पत्र खाली ठेवलं आणि सुईसाठी हात पुढं केला.