आवाज वगळून

त्याने त्या फाइलवर पुन्हा टिचकी मारली आणि व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर पुन्हा मुकाट्याने बंद पडलं.

“आप्पांचं भाषण म्हटलं की यंत्रसुद्धा पळ काढतं,” तो म्हणाला.

बायको दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. एरवी वडिलांवरचा असला शेरा तिने खपवून घेतला नसता, पण गेला महिनाभर ती त्याच्याशी भलतीच गोड वागत होती.

आप्पा, म्हणजे त्याचे सासरे, एका शाळेचे मुख्याध्यापक. येत्या रविवारी ते निवृत्त होणार होते आणि मग शाळेच्या आवारातलं घर सोडावं लागणार होतं. एकटा माणूस पुढे जाणार कुठे, हे घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. त्याच्यापुरतं उत्तर ठरलेलं होतं: मुलाकडे. मेहुण्याचं घर ऐसपैस होतं. इथे दोनच खोल्या, त्यातल्या एकीत तो लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ जोडून पोट भरायचा. आप्पा त्या धंद्याला ‘कापाकापी’ म्हणत. निरोपाचा व्हिडिओ त्याने आपणहून अंगावर घेतला होता तो एवढ्यासाठीच, की तो दिला की आपण मोकळे.

सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. साठलेला कचरा पुसला. बाकीच्या क्लिप्स बिनतक्रार उघडत होत्या. घोडं अडत होतं ते गेल्या महिन्यातल्या शाळेच्या समारंभापाशी, आणि त्या क्लिप्स मेहुण्याने आपल्या नव्या मोबाइलवर घेतल्या होत्या. हे कळल्यावर त्याला बरंच वाटलं. एवढा महागडा फोन घ्यायचा आणि धरायचा कसा, ते मात्र ठाऊक नाही, अशातला तो माणूस.

शेवटी मेख सापडली. चित्र ठणठणीत होतं, बिघाड आवाजात होता. तो वेगळा काढून, दुसऱ्या प्रकारात बदलून परत जोडता आला असता. पण आप्पांच्या भाषणासाठी एवढी मरमर कोण करणार? त्याने आवाज सरळ उडवला. खाली बासरी लावली की काम झालं.

आता क्लिप उघडली. आप्पांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, बोट हवेत नाचत होतं. तो माणूस त्याला पहिल्यांदाच सुसह्य वाटला.

मग ते बोट एका जागी थांबलं. मेहुण्याने मोबाइल तिकडे वळवला. पहिल्या रांगेत त्याला तो स्वतःच बसलेला दिसला, मान खाली, फोनमध्ये बुडालेला. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. शेजारून बायकोने कोपर मारलं. त्याने दचकून वर पाहिलं, तोंडभर हसला, जोरजोरात मान डोलावली आणि वर अंगठाही दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“इथे काय म्हणाले होते गं ते?”

“म्हणजे?”

“आवाज नाहीये ना याला.”

ती जवळ आली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “म्हणाले, ‘आता माझा मुक्काम लेकीकडे. चालेल ना, जावईबापू?’”

त्याने क्लिप मागे नेली आणि अंगठ्यापाशी थांबवली.

“दादाने त्यांना आदल्या दिवशीच नाही म्हणून सांगितलं होतं. मुलांच्या अभ्यासाला खोली लागते म्हणे. आणि तू क्षणभरसुद्धा विचार केला नाहीस.” तिने हातातल्या घडीवरून हात फिरवला. “मी मुद्दामच विषय काढला नाही. म्हटलं, बोलायला गेले तर शब्द फिरवशील.”

पडद्यावर तो अजून अंगठा उंचावून हसत होता. असले मख्ख, बिनडोक चेहरे तो गिऱ्हाइकांच्या व्हिडिओतून रोज कापून फेकत असे.

“एवढ्या भागाचा तरी आवाज येईल ना रे? आप्पांना ऐकायला आवडेल.”

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिने आपल्याकडे असं यापूर्वी कधी पाहिलं होतं, हे त्याला काही केल्या आठवेना.

“येईल,” तो म्हणाला.