सात कुंड्यांचं पाणी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मी खुनी म्हणाले. तेही सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्या बोरी गावात सून सासऱ्याला असं बोलत नाही, पण डोकंच फिरलं होतं माझं.

तीन वर्षं हो! दक्षिण आफ्रिकेतून रीतसर कागदपत्रं करून मागवलेलं सॅटिरियमचं बी. मातीत उगवणारं ऑर्किड ते. बी कसलं, फुंकर मारली तर उडून जाईल अशी पूड. केळीची रोपं करणाऱ्या लॅबमध्ये मी नोकरीला होते, तिथल्या मॅडमच्या हातापाया पडून चाळीस बाटल्यांत ते पेरलं. तेहतीस बाटल्यांना बुरशी लागली. उरलेल्यांतून सात रोपं जगली, ती यंदा जूनमध्ये घरी कुंड्यांत लावली. नवीन पान फुटलं की मला आकाश ठेंगणं व्हायचं.

"एवढ्या येळात कांद्याची सहा पिकं निघाली आसती," आबा म्हणायचे. नवरा, अमृत, हसायचा. हसू दे मेल्याला.

दिवाळीनंतर बहिणीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर पुण्याला गेले. रोज एकेक वाटी पाणी घाला, म्हणून आबांना दहादा बजावलं. परत आले तर सातही कुंड्या कोरड्या ठक्क, पानं पिवळी आणि आडवी.

"पाणी का नाही घातलं?"

"पातीनं मान टाकली गं. आता पाणी तोडायचं आसतं. खाली गड्डा व्हतोय त्याचा."

"आबा, हा तुमचा कांदा नाही! मारलंत तुम्ही त्यांना. खुनी आहात!"

त्यांनी टोपी सारखी केली आणि ओट्यावरून उठून गेले.

मग मी पाणी घातलं, सकाळ-संध्याकाळ. बाटलीत ही रोपं बारा महिने हिरवीगार असायची. पिवळी पडली म्हणजे तहानली, दुसरं काय? पंधरा दिवसांत पानं गळूनच गेली. चमच्यानं पहिली कुंडी उकरली. आत शेंगदाण्याएवढा गड्डा, बोटानं दाबला तर पचकन फुटला. वास आला. दुसरी तशीच, तिसरी तशीच. पाणी तोडून कुणी सडतं का? माझ्याच हातानं मारली होती मी.

शेवटची कुंडी तडकलेली होती, तिच्यात पाणी ठरतच नव्हतं. तिच्यातला गड्डा टणक निघाला.

तो तळहातावर घेऊन कांद्याच्या चाळीत गेले. आबा कांदा निवडत बसले होते. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच. "तुम्हाला कळत होतं, तर मला अडवलं का नाही?"

"तू आयकत व्हतीस व्हय?"

मी गड्डा पुढे केला. त्यांनी तो चिमटीत धरून हुंगला. "जित्ता हाय. कोरड्या मातीत ठिव आन् मिरगापर्यंत इसरून जा. उकरून बघायचं न्हाई, एकदाबी."

"सात महिने?"

"सात म्हैनं."

तीन वर्षांत एक दिवसही मी त्या रोपांना विसरले नव्हते. कुंडी भरली आणि नेऊन आबांच्या खाटेखाली ठेवली.

"तुम्हीच सांभाळा," म्हणाले. "मला राहवणार नाही."