मोठी पानं

शेवटच्या साध्या दिवशी अण्णा आणि त्यांची मुलगी हेमांगी पानांवरून भांडले. लालबागच्या चाळीत, गॅलरीतल्या डब्यात अण्णांनी गांजाचं रोप वाढवलं होतं. कॅन्सर हाडांत उतरला होता. या झाडाच्या फुलांनी दुखणं थोडं हटेल, एवढीच त्यांची आशा होती. शेजाऱ्यांना ते झेंडू म्हणून सांगत.

"पानं पंज्याएवढी झालीत. आता झेंडू कोण म्हणेल? मोठी तेवढी कापते," हेमांगी म्हणाली.

"नको गो. त्या पानांवरच झाड जगतं. फुलं तरी धरू देत."

"आणि पोलीस आले तर?"

"नेतील मला. तिथली पेज तुझ्या पेजेपेक्षा बरी असेल."

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिने मोठी पानं एकूण एक कापली. संध्याकाळी अण्णांनी खाटेवरून रोपाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर शेजारच्या रखमाकाकू गॅलरीत थांबल्या. "अण्णांचा झेंडू सुकला गो. पाणी घालत नाहीस?"

"घालते, काकू. पण तो झेंडू नाही, गांजा आहे. अण्णांच्या दुखण्यासाठी लावलेला. त्याची पानं मी कापली. मला त्यांच्या दुखण्यापेक्षा तुमची भीती जास्त वाटली."