मोटारीला आलेली माता

बोडीटोल्यात त्या चैत्रात माता, म्हणजे देवीचा रोग, आली. माणसाला नव्हे बरं का, मोटारीला! गावचे जमीनदार केशोराव मालगुजार यांच्या काळ्याभोर मोटारीच्या अंगभर पांढरे गोल दाणे उठले, आणि पार केशोरीपासून लोक बैलगाड्या जुंपून बघायला आले. अंगणात कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या गेल्या. घरात कुणाला माता आली तर तिला थंड पाण्यानं निववायची, हा गावाचा रिवाज. तोच मोटारीला लावला. सकाळपासून बायांची रांग. एकीनं वाड्यातल्या विहिरीच्या पाण्याचा गडवा टपावर रिता केला की दुसरी पुढे सरायची, "शांत हो वं माय!" म्हणून चाकाला हात लावायची.

खांबाआड उभा राहून ड्रायव्हर चैतराम हे सगळं बघत होता. हे दाणे कोणाचे, ते साऱ्या गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

मोटार धुण्याची रीत त्याला नागपूरच्या उस्तादानं शिकवली होती. मोटार सावलीत घ्यायची, पाणी तलावाचं आणायचं, आणि धुऊन झालं की थेंब न थेंब फडक्यानं टिपायचा. कायले, ते उस्तादानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. गेल्या गुरुवारी शेजारच्या टोल्यात, म्हणजे वस्तीवर, लग्नाची पंगत होती. तलाव लांब, विहीर जवळ, आणि वासावरून बुंदी कढईत पडलेली कळत होती. पठ्ठ्यानं भर दुपारी, रणरणत्या उन्हात विहिरीच्या दहा बादल्या मोटारीवर उपड्या केल्या नि न पुसताच पंगत गाठली. संध्याकाळी येऊन बघतो तर अंगभर पांढरे डाग. नुसत्या पाण्यानं घासले, हलेनात.

"हे का झालं गा?" मालगुजारांनी विचारलं.

नोकरी जाईल या भीतीनं चैतरामची जीभ घसरली. "मले का मालूम, मालक? आपोआप उठले."

आपोआप! झालं, दुसऱ्याच दिवशी देवळात उतरलेले जटाधारी महाराज अंगणात हजर.

"माता की सातों बहिनी सवार हैं!" महाराजांनी डोळे गरगर फिरवले. "पेट्रोल की गर्मी से माता कोपली! इंजन में आग, पहिये में हवा, माता कहाँ बैठे? तो चमड़ी पे बैठी!" मोटारीला चामडी असते हे ऐकून बायांनी पदर सावरले. महाराजांनी कमंडलूतल्या तीर्थात बोट बुडवलं, एका दाण्यावर चोळलं, मंत्र पुटपुटले, आणि दाणा गायब! लोकांनी हात जोडले. पण दुपार कलली की नवे पन्नास उठलेले असायचे. "देखो, कितनी नाराज है!" म्हणत महाराज तूपभातावर बसायचे. त्यांचा मुक्काम काही हलेना.

मालगुजारांच्या घरी धुरपताबाई स्वयंपाकाला होती. विधवा, एकटी, मागच्या खोलीत राहायची. गावात त्या खोलीखेरीज तिला आसरा नव्हता. बोलायला मात्र सडेतोड. चौथ्या दिवशी तिनं साऱ्यांदेखत विचारलं, "महाराज, रोज सकाळी चिंच मागून राहिले तुमी. तिचं का करता जी?"

दोघंचौघं हसले. महाराज हसले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांच्या अंगात माता आली आणि तिनं धुरपताबाईचं नाव सांगितलं: पहाटे मोटारीपुढून जाणाऱ्या विधवेची सावली पडली, म्हणून हा कोप. शनिवारी तिला शिवेबाहेर काढा. मालगुजारांनी मान डोलावली. त्या घडीपासून तिच्या हातचं पाणी कोणी घेईना.

चैतराम घ्यायचा. खालमानेनं जेवायला बसायचा आणि ती वाढायची. "खाऊन घे गा. उपाशी राहून का होते?" दोनदा तो मालगुजारांच्या दारापर्यंत गेला नि परत फिरला. आज सांगू, उद्या सांगू, शनिवार तर लांब आहे. लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून मोठी होती. आणि शनिवार काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

शनिवारी सकाळी धुरपताबाईचं गाठोडं अंगणात फेकलेलं होतं. तिनं ते उचललं, मग गर्दीकडे वळली.

"जाते मी. पन एक सांगा बाप्पा. आपल्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाई, ते तापवलं का पातेल्याच्या बुडाले पांढरी खपली धरते. त्या खपलीवर मी चिंच घासते, तवा ते निघते. तुमची माता त्या खपलीवानी काऊन दिसून राहिली? अन् रोज पानी घालून राहिले, तर दाने कमी व्हायचे सोडून वाढून काऊन राहिले?"

"चुप, डायन!" महाराज ओरडले. कोणीतरी धोंडा उचलला.

तेव्हा कुठं चैतरामचे पाय हलले. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मालक, ते दाने माझे हायेत," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. रडत रडत पंगतीपासून सगळं ओकून टाकलं.

"हे खोटं असंल तर मले हाकला," म्हणून त्यानं समोरचे दोन्ही मडगार्ड चिंचेच्या कोळानं चोळून, धुऊन, लख्ख करून दाखवले. मग डाव्यावर विहिरीचं पाणी ओतून ते तसंच उन्हात सोडलं. उजव्यावर तलावाचं ओतलं नि फडक्यानं कोरडं केलं. सारं गाव टक लावून बसलं. थोड्याच वेळात डावीकडे माता आली, उजवीकडे आली नाही.

गोष्ट एवढीच होती. विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. ऊन पाणी उडवून नेतं, चुना जागीच राहतो, आणि थेंब गोल म्हणून डागही गोल. तलावाचं पाणी पावसाचं, त्यात चुना नावालाच. आणि पाणी पुसून घेतलं तर मागं राहायला उरतंच काय? चिंचेच्या आंबटानं चुना सुटतो. मालगुजारांनी कमंडलू हुंगला, तर चिंचेचा कोळ! महाराजांनी धोतर सावरत जी वाट धरली, ती मागं वळून पाहिलंच नाही.

मालगुजार ओशाळून म्हणाले, "बाई, स्वयंपाकघरात जा. झालं गेलं."

धुरपताबाईनं गाठोडं खाली ठेवलं नाही. ती चैतरामसमोर थांबली.

"तो महाराज परका होता. ठगनं त्याचा धंदाच. तू तं रोज माझ्या हातचं जेवत होतास न गा? मंग इतके दिवस काऊन बोलला नाईस?"

ती कामठ्याला भावाकडे निघून गेली.

चैतरामची नोकरी राहिली. जन्मभर तो मोटार तलावाच्या पाण्यानं धूत राहिला, आणि जो बघायला येईल त्याला सांगत राहिला, "चमत्कार दिसला तं पहिले इचारा, पानी कोनतं होतं. अन् तुमाले मालूम असंल, तं त्याच दिवशी बोला. मी नऊ दिवसानं बोललो. डाग निघाले, पन ते बाई परत आली नाई."