रडकीचं फाटक

मी फाटक बोलतंय, रानातल्या जुन्या दफनभूमीचं. आतल्यांना कुठे जायचं नसतं आणि बाहेरच्यांना आत यायची घाई नसते, तेव्हा माझ्यामागे काम असं फार नाही. तरी गावात माझं जेवढं नाव आहे तेवढं दुसऱ्या कुठल्या लाकडाचं नसेल.

जाड फळ्यांचं अंग, मध्ये फट नाही, खाली हाताचा पंजा जाईल एवढी मोकळी जागा. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची दगडी भिंत. सुतारानं बिजागऱ्या मात्र जुन्याच मारल्या, त्यामुळे वारा सुटला की मी कण्हू लागायचं. खरं सांगायचं तर या गावातलं भूत ते एवढंच.

त्याची बाई केली ती आमच्या राखणदारानं. बिचाऱ्याच्या हाताला कबरीच्या मातीचा वास येतो म्हणून चहाच्या दुकानात कुणी त्याला शेजारी बसू देत नसे. एकदा तो सहज म्हणाला, "काल आत कोणी बाई रडत होती." लगेच बाकावर त्याला जागा झाली. मग काय, रोज थोडं तिखटमीठ लावून त्यानं रडकी उभी केली. तिला नवऱ्यानं टाकलं, तिचे केस जमिनीला टेकतात, ती उलटी चालते. मी इथे उभं राहून वाटेनं जाणाऱ्यांच्या तोंडून सगळं ऐकत होतं. माझ्या कण्हण्यावर म्हातारा मोठा होत होता.

पोस्टमन तेवढा हसायचा. "काका, ते तुमचं फाटक करकरतं हो!"

"करकरतं का? मग ती ओळखीच्या आवाजात हाक मारेल तेव्हा सांग," राखणदार म्हणाला. "ती ओळखीचा आवाज काढते, ओळखीचं नाव सांगते. ओ दिलीस की संपलास! फाटक लोटायचं, तार पिळायची आणि मागे न बघता चालू लागायचं."

हे त्यानं त्या क्षणी रचलं, केवळ पोस्टमनचं तोंड बंद करायला. गावानं मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्या खांबाला तारेचं भेंडोळं आणून टांगलं.

राखणदाराची एकुलती एक मुलगी शेजारच्या गावात दिलेली. तिला एक लहान पोर होती. राखणदाराची बायको इथेच पुरलेली, म्हणून ही मुलगी अधूनमधून कबरीवरचं गवत काढायला यायची. त्या दुपारीही कुणाला न सांगता आली, मला उघडं ठेवून आत गेली. आईच्या शेजारची जुनी कबर आतून पोकळ झाली होती. तिच्या पायाखाली ती खचली, नडगी मोडली आणि हाड बाहेर आलं. ती किंचाळली.

वाटेनं लाकूडवाला आणि त्याची बायको मोळ्या घेऊन चालले होते. किंकाळी ऐकताच लाकूडवाल्यानं मला धाडकन ओढून घेतलं आणि तार पिळली. तेवढ्यात ती सरपटत माझ्यापर्यंत पोचली आणि मुठींनी मला बडवू लागली.

"अहो दादा, मी आहे! राखणदाराची मुलगी! पाय मोडलाय माझा, उघडा ना!"

"अगबाई! आवाज हुबेहूब तिचाच की हो," लाकूडवाली म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, चल लवकर. म्हातारा उगाच सांगत नाही!"

माझ्या खालून तिची बोटं बाहेर आली. लाकूडवालीनं मोळीतली काठी उपसली आणि त्यांवर हाणली.

त्या दोघांनी गावात जाऊन सांगितलं, तसं थोड्या वेळानं अर्धं गाव लोटलं. सगळ्यांच्या पुढे राखणदार. दुकानातून त्याला मानानं आणलं होतं. रडकी खोटी आहे हे सबंध गावात त्या एकट्याला ठाऊक, म्हणजे आत जिवंत माणूस आहे हेही त्या एकट्यालाच ठाऊक.

"बाबा," ती आतून म्हणाली.

त्याचा हात तारेवर आला.

"काय हो काका, उघडताय की काय?" मागून पोस्टमन म्हणाला. "का रडकीबिडकी काही नव्हतीच?" कुणीतरी फिदीफिदी हसलं.

हात तारेवरून निघाला. त्यानं माझ्या फळीला तोंड लावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाळा, थोडं थांब. ही मंडळी गेली की उघडतो. तोवर आवाज करू नकोस."

ती लहानपणापासून बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. गप्प झाली.

"गप्प केली! एका शब्दात गप्प केली तिला!" गाव ओरडलं. पोस्टमननंच त्याला खांद्यावर घेतलं. वाजतगाजत परत चहाच्या दुकानात नेला.

राखणदारानं परत येऊन तार सोडली तेव्हा संध्याकाळ उलटत होती. मी आत उघडतं, पण तेव्हा उघडेना. ती मला पाठ टेकून बसली होती. तिच्या खालची माती रक्तानं चिखल झाली होती. शेवटपर्यंत तिनं आवाज केला नव्हता.

"उठलो होतो गं मी," तो तिला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होता. "त्यांनी परत बसवलं. पुन्हा सांगा म्हणाले."

मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. कसलं काय! गावाला त्यानं सांगितलं, "मी रडकीला गप्प केलं, म्हणून तिनं माझी पोर नेली." गाव ढसाढसा रडलं. लाकूडवाली तेवढी नंतर या वाटेनं कधी आली नाही.

मध्यंतरी तो नातीला घेऊन आला होता. तिनं विचारलं, "आजोबा, आईला नेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तो माझ्याशी टेकून बसला आणि सांगू लागला. पोर डोळे विस्फारून ऐकत होती. या वेळी रडकीला त्यानं लांब नखंही लावली. मेल्या, माझ्या अंगाला टेकून तरी सांगायचं नव्हतंस रे!

आता माझ्या फळ्या कुजल्या आहेत. लोखंडी फाटक येणार आहे, माझं सरपण होईल, खुशाल करा. ती नात मात्र आईच्या कबरीवरचं गवत काढायला एकटी येऊ लागली आहे. म्हणून जाता जाता एवढंच मागणं. कडी म्हणा, तार म्हणा, मला सगळं फक्त बाहेरून होतं. आतून कोण उघडणार, असं म्हणून सुतार हसला होता. नव्या फाटकाला तार नको, आतूनही उघडेल अशी कडी लावा. आणि खाली लावा, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल इतकी खाली.