पाताळबाबांची लाल शीर

चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणीत रिकाम्या बाटल्या घेऊन माणसं खच्चून भरली होती. पाताळबाबांनी पांढऱ्या कड्यासमोर डोळे मिटले, काठी आपटली, आणि कोरड्या दगडातल्या लाल पट्ट्यातून गढूळ पाणी पाझरू लागलं.

"ही भूमीची शीर. फक्त माझ्या हाकेला ओ देते," बाबा म्हणाले. "औषधं फेका, हे प्या."

एकीने औषधं खरंच फेकली होती. ती भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची सख्खी वहिनी. तिची चार वर्षांची मुलगी जुलाबांनी पार गळून गेली होती.

"वहिनी, दवाखान्यात ने तिला."

"तुम्हाला दगडातलं कळतं, ताई. लेकराचं मला कळू दे."

दगडातलं कळत होतं म्हणूनच बाईंचं डोकं फिरलं. हा खडक उथळ समुद्रात शिंपल्यांच्या चुऱ्यातून साचलेला. पुढे समुद्र हटला, खडक उघडा पडला, पावसाच्या पाण्याने तो विरघळला आणि त्यात विवरं पडली. वरची लाल माती त्यांत उतरून बसली. मग पुन्हा समुद्र आला, नवे थर चढले, तेही झिजले. खाण खोदताना असंच एक बुजलेलं विवर चिरलं गेलं होतं. त्यालाच हा ढोंगी शीर म्हणत होता. पण एवढ्या उन्हाळ्यात तिथे पाणी आलं कुठून?

दुसऱ्या सकाळी बाई माथ्यावरच्या बाबांच्या बंगल्यात दर्शनाला गेल्या आणि भोळा चेहरा करून शिष्याला संडास विचारला. संडासाच्या खिडकीतून मागे लाल मातीच्या त्याच विवराचं वरचं तोंड दिसत होतं. एका नळीने टाकीचं पाणी त्यात सोडण्याची सोय होती. संडासाचा पाइपही तिथेच उतरला होता. जमिनीखालच्या पाण्याचा माग काढायची निरुपद्रवी, पाण्यात हिरवी होणारी पूड बाईंनी पर्समधून काढली, संडासात ओतली आणि भरपूर पाणी सोडलं.

दुपारी बाबांनी काठी आपटली. वर शिष्याने टाकी सोडली. कड्यातून पोपटी पाणी आलं.

बाबा क्षणभर चपापले, पण निर्लज्जपणाला तोटा नव्हता. "पाताळ प्रसन्न झालंय. आज हिरवा प्रसाद."

अक्कल घरी ठेवून आलेली गर्दी बाटल्या घेऊन पुढे सरकली. बाईंनी वहिनीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा रंग मी सकाळी बाबांच्या संडासात टाकलाय."

"खोटं आहे," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही आधी प्या. एक घोट."

बाबांना तत्काळ निर्जळी उपवास आठवला.

"दगड पाणी तयार करत नाही," बाई म्हणाल्या. "वरून येतं तेच खाली सोडतो. माथ्यावर जा, स्वतःच्या डोळ्यांनी पाइप बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

"पण बाई," मागून एकाने विचारलं, "हिरव्याने गुण येतो का?"

वहिनीने बाटली खाली टाकली होती.

"पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, आई, याला घाण वास येतोय," वहिनी म्हणाली. "मी नाक दाबून पाजलं तिला, ताई."

दोघी मुलीला दवाखान्यात न्यायला घराकडे पळाल्या.