नळी कोणी ओढली

भूलतज्ज्ञ अपेनिसा सरांच्या मणक्यातली भुलीची नळी काढायला त्यांची शिकाऊ डॉक्टर वासिती त्यांच्या पाठीमागे उभी राहिली, आणि तिला एरोनीची पाठ आठवली. एरोनी मासेमार. त्याच्या पाठीतली अशीच केसासारखी बारीक नळी सरांनी घाईघाईत ओढून तोडली होती. तुकडा आत राहिला, एक पाय कायमचा बधिर झाला. आणि या महाभागाने काय करावं? फिजीच्या रिवाजाप्रमाणे माफीचा देवमाशाचा दात घेऊन एरोनीच्या गावी गेले, गुडघे टेकून माफी मागितली, तीही वासितीच्या नावाने! म्हणे पोरगी नवीन आहे, नळी तिने ओढली. गावाने दात स्वीकारला, आणि दात स्वीकारला की ज्याच्या नावाने दिला तो गुन्हेगार ठरलाच. वासितीने कंठशोष केला, पण ऐकतो कोण? अजूनही बाजारात एरोनीची आई तिला बघून तोंड फिरवायची.

आज सरांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते नीट पार पडलं. वासितीने नळी हलकेच ओढली. नळी अडकली. तिने बोटांनी जरासा ताण दिला.

"ओढू नकोस!" सर किंचाळले. "तुटेल. आधी मला वाकव, घालताना होतो तसं."

ट्रे आवरणाऱ्या मेरेओनी सिस्टरचा हात थांबला. एरोनीची नळी तुटली त्या दिवशीही ती तिथेच होती, आणि मूग गिळून बसली होती.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला," वासिती म्हणाली. "मग एरोनीला का नाही वाकवलंत?"

 वासितीच्या मनात आलं, द्यावा एक हिसका, होऊन जाऊ दे फिटंफाट. हात शिवशिवत होता तिचा. पण तिने सरांना गुडघे पोटाशी घ्यायला लावले, वाट पाहिली, आणि नळी अलगद बाहेर आली. तिचं अखंड टोक तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

रविवारी सर कुबडी टेकत आले आणि दात घेऊन तिच्या वडिलांच्या ओसरीवर मान खाली घालून बसले. फिजीत पुढे केलेला दात कोणी नाकारत नाही. वडिलांनी हात पुढे केलेच होते, ते वासितीने धरले.

"इथे नाही, सर. आधी एरोनीच्या आईपुढे न्या. आणि या वेळी स्वतःचं नाव घ्या."

"अगं, साऱ्या गावासमोर माझी अब्रू जाईल."

"माझी तिथेच पडलीय," वासिती म्हणाली. "येताना घेऊन या."